शेपटीवर बसलेलं विमान

सूनबाई,

तुझं प्लास्टिकचं छोटं विमान आज मॉडेलच्या स्पर्धेला गेलं नसतं, तर खरा फायदा माझाच होता. तू हा नाद सोडला असतास, चार महिन्यांनी जेवणाचं टेबल मोकळं झालं असतं आणि भाजीला रंगाचा वास येणं थांबलं असतं. पण सकाळी ते चाकांवर उभं राहायच्या ऐवजी शेपटीवर बसलं, चिरंजीव "तुझं विमान दमलं गं!" म्हणून खो खो हसले, आणि तू डबा न घेताच कामावर गेलीस. ते काही मला पाहवलं नाही.

नाकात वजन भरायचं विसरून तू ते चिकटवलंस आणि रंगवलंस, एवढं मला कळलं होतं. मग पुढच्या चाकाच्या खाचेत तापवलेल्या दाभणाने भोक पाडलं आणि शिशाच्या गोळ्या एकेक करून आत सोडल्या. एकविसाव्या गोळीला शेपटी उचलली गेली! मग त्यावर गोंद ओतला आणि वाळेपर्यंत फुंकत बसले. रंगाला एक ओरखडा नाही.

टॅक्सीतून मांडीवर घेऊन गेले. परीक्षक म्हणाले, "आजी, काय ऐटीत उभं आहे हो!" पहिला नंबर, सूनबाई! फोन तू घरीच विसरलीस, म्हणून तुझ्या ऑफिसात ही चिठ्ठी ठेवायला आले. साडेपाचला बक्षीस आहे, थेट स्पर्धेच्या हॉलवर ये. मी विमानापाशी बसते.

आता हिशेब. तुझं काही गेलं नाही, माझं एक दाभण वाकलं. गोळ्या मात्र सगळ्या चिरंजीवांच्या मासेमारीच्या डब्यातल्या, गळाला बांधायच्या. रविवारी तळ्यावर गेले की त्यांना कळेल.