पळत्या बटणामुळे समक्ष सादर केलेला अर्ज

प्रति,
मा. संचालक,
डिजिटल स्टुडिओ,
तिसरा मजला, लिफ्टसमोर.

विषय : फ्रंट-एंड वेब डेव्हलपर या पदासाठीचा अर्ज कागदावर स्वीकारण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या वेबसाइटवरील जाहिरात. २) त्याच जाहिरातीखालील 'अर्ज करा' हे बटण.

महोदय,

१. मी वरील पदासाठी सर्वतोपरी पात्र असून गेले आठ महिने घरी आहे. संदर्भ क्र. २ मधील बटण दाबण्याचा मी सोमवारपासून प्रामाणिक प्रयत्न करीत आहे. माऊसचा बाण जवळ नेताच बटण बाजूला सरकते. मंगळवारी माझ्या आईने हा प्रकार चष्मा लावून पाहिला व "नोकऱ्या तुला बघून पळतात हे ठाऊक होतं, आज डोळ्यांनी बघितलं," असे मत नोंदविले.

२. बटणाने तीनदा हुलकावणी देऊन चौथ्यांदा शरण यावे, अशी आपली मूळ कल्पना असावी. कल्पना गोड आहे. परंतु बटण हलले की मोजणी पुन्हा शून्यावर जाते. त्यामुळे बटणाच्या लेखी प्रत्येक उमेदवार कायमच पहिल्यांदा आलेला असतो.

३. माऊस सोडून मी कीबोर्डवरून बटण गाठले. त्यावर 'आपण माणूस वाटत नाही' असा शेरा मारून पान बंद झाले. थोरल्या बहिणीने या शेऱ्याची छापील प्रत फ्रिजवर लावली आहे.

४. सबब काल मी समक्ष आलो. स्वागतकक्षातील ताईंनी अर्ज फक्त ऑनलाइन घेतो असे सांगितले. मी बटणाची अडचण मांडली. त्या म्हणाल्या, "हो ना, ते नीट करणारा सोडून गेला. त्याच्याच जागेची तर जाहिरात आहे." आजवर किती अर्ज आले, असे विचारता त्या म्हणाल्या, "एकही नाही. साहेब म्हणतात, हल्लीच्या मुलांना कामच नको. उद्यापर्यंत कुणी आलं नाही तर जागाच रद्द."

५. महोदय, मुलांना काम हवे आहे. ती आपापल्या घरी बटणामागे धावत आहेत.

६. दुरुस्ती एका ओळीची आहे. ती मी सुवाच्य अक्षरात लिहून बंद पाकिटात जोडली आहे. माझी निवड झाली नाही तरी ती आपण वापरावी, माझी हरकत नाही. विनंती एवढीच, की आधी माझी मुलाखत घ्यावी व मगच पाकीट उघडावे. बटण जागेवर थांबले की इतरही अर्ज करतील आणि त्यांतले काही माझ्यापेक्षा हुशार असण्याचा धोका आहे.

कळावे,

आपला नम्र,
(स्वाक्षरी)
तूर्त एकमेव उमेदवार

दिनांक : शेवटचा.

सोबत :
१) प्रमाणपत्रांच्या प्रती.
२) मी बनवलेल्या दोन वेबसाइटची छापील पाने (बटणे जागेवर आहेत).
३) फ्रिजवरील शेरा, बहिणीच्या परवानगीने.
४) बंद पाकीट.