अजून ईस्टर नाही

२२ फेब्रुवारी २००४, रविवार
आले बाई एकदाची पुण्यात! हिंजवडीत टेस्टिंगची नोकरी आणि कर्वेनगरात दीनानाथकाका-पद्मजाकाकूंच्या बंगल्यात खोली. काका ना फादर, ना काकू सिस्टर. साधं कॅथलिक जोडपं. पण चर्चचं वर्ष घरात जुन्या पद्धतीने, अगदी काटेकोर पाळतात. राहणाऱ्यांनीही पाळायचं, एवढीच अट. खोलीत माझ्याबरोबर सगुणा आहे. श्रीरामपूरची, नर्स, सारखी हसत असते. आज काकूंनी मटण केलं, वर पुरणपोळ्या. "खाऊन घे जया, बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. सगळं बंद," म्हणाल्या. खोलीला खिडकी मोठी आहे. छान झोप लागणार.

२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
काकांनी अंगठ्याने सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. ऑफिसात आमोदने विचारलं, कुठल्या महाराजांचा अंगारा? समजावता समजावता चहा गार झाला.

१५ मार्च
वैताग आलाय. दिवसाला एकच पोटभर जेवण. टीव्ही बंद, रेडिओ बंद. कंपनीच्या बसमधून उतरून जरा पाठ टेकली की प्रार्थनेची घंटा! काकांना सांगून पाहिलं. ते नुसते मान हलवतात. सगुणा म्हणते, कळ काढ, ईस्टरला कॅम्पात जाऊन बिर्याणी खाऊ.

२८ मार्च
प्रथेप्रमाणे प्रार्थनेच्या खोलीतल्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकल्या. मरियामाता, संत योसेफ आणि मोठा क्रूस. ईस्टरला उघडायच्या.

११ एप्रिल, ईस्टर
चर्चमधून आनंदात केक घेऊन आले, तर मूर्ती झाकलेल्याच! काका शांतपणे म्हणाले, "अजून ईस्टर नाही. या घराचा पश्चात्ताप पुरा झालेला नाही." आणि पुन्हा राखेची वाटी घेऊन बसले. मी भांडले. अहो, अख्ख्या जगात आज सण आहे! सगुणाने वाद नको म्हणून कपाळ पुढे केलं. मी नाही केलं.

१३ एप्रिल
सगुणाचे गुडघे वळत नाहीत. कपाळावरची राख साबणानेही जात नाही. डॉक्टरकडे नेते म्हटलं, तर काकू म्हणाल्या, ही प्रार्थनेची वेळ आहे. इथे कुणी ऐकूनच घेत नाही!

१५ एप्रिल
सगुणा नाही. काकू म्हणतात, गावी गेली. चपला, पर्स इथेच. चौकीत सांगून आले. सज्ञान मुलगी आहे, येईल, म्हणाले. परत येऊन पाहते तर प्रार्थनेच्या खोलीत कापडाखाली चौथी मूर्ती. माणसाएवढी.
आत्ता निघू शकते. पण तिला सोडून कशी—

१६ एप्रिल, दुपार
दोघं जेवायला बसले होते. कापड ओढलं. सगुणा. उभी. प्लास्टरसारखी पांढरी, गार. ओठ तेवढे हलले— "ईस्टर झाला?"
झाला म्हटलं. हात धरून ओढलं. हलेना.
मागून काकांचा अंगठा. माझ्या कपाळावर—
खोलीत पळाले. कडी लावली. पुसतेय, जात नाही. गुडघे—
समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालतेय. हाक मारायचीय. अहो, इकडे बघा— तोंड उघडत—
बोटं अजून