माझ्या हातचा नमुना

२२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी सहा.
आजपासून रोजनिशी. धंदा करणारी माणसं ठेवतात म्हणे.
हेम्पची, म्हणजे बिननशेच्या भांगेची, कापणी आटोपली. यंदा बी व्यापाऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. शेडमध्ये स्वतः सोलायचं आणि गर विकायचा. मशीन आलंय, शंभर पिशव्या भरून तयार. विनिपेगची एक बेकरी सगळ्या घेणार, पावात घालायला. अट एकच, १५ ऑक्टोबरच्या आत मालात नशा नाही, जंतू नाहीत, असा लॅबचा दाखला. नाहीतर ऑर्डर शेजारच्या लॉर्नला. त्यावर बायकोने, डार्काने, स्वतःची अट चढवली: तसं झालं तर मशीन विकायचं आणि पुढच्या वर्षी मुकाट्याने सगळ्यांसारखा तेलबियांचा कनोला पेरायचा. म्हटलं, मंजूर. दाखला काय, आलाच समज.

२४ सप्टेंबर.
लॅबमधून डबी आली, सोबत नियमांचा कागद. हातमोजे घाला. प्रत्येक पिशवीतून एक चमचा घ्या. सगळं एकत्र करा. छान. शहरातल्या लोकांना असं लिहून द्यावं लागतं. मला माल हाताला कळतो.
दिवसभर कापणीचं कंबाइन साफ केलं. हेम्पचे धागे आतल्या दांड्यांना असे गुंडाळून बसतात की सुरीने कापून, हाताने ओढून काढावे लागतात. हात काळे, चिकट. दोनदा धुतले, चीक जात नाही. असू दे. कष्टाचे हात आहेत.

२५ सप्टेंबर.
नमुना काढला. शंभर पिशव्या कशाला उघडायच्या? सगळ्यात देखणी एकच उघडली. टेबलावर ओतली आणि तीन तास दाणा न् दाणा बोटांनी निवडला. टरफलाचा कण दिसला की बाहेर. डार्का म्हणाली, अरे, निदान मोजे तरी घाल. मी विचारलं, तुझ्या आजीने बटाट्याचे पेरोहे कधी मोजे घालून वळले होते का? मधे दोन चमचे चाखले. तोच चमचा परत घातला, घरचाच तर होता.
डबी कुरिअरने रवाना. असा नमुना त्या लॅबने जन्मात पाहिला नसेल.

२९ सप्टेंबर.
कॉफीला गेलो. लॉर्न सगळ्यांसमोर म्हणाला, काय रे ऑरेस्ट, तुझा पाव खाऊन लोक चर्चमध्ये नाचणार का? मी शांतपणे समजावलं की नशा असते ती फुलापानांच्या चिकात. बी बिचारं निष्पाप. कायद्याने दहा लाख भागांत दहा भाग चालतात, माझ्यात एकही निघायचा नाही. लॉर्न म्हणाला, बघू. जळतो मेला.

२ ऑक्टोबर. दुपार.
नापास.
दहाच्या जागी एकतीस. वर जंतूही निघाले.
लॅबने डब्या बदलल्या, दुसरं काही नाही. लॉर्नची लॅबमध्ये ओळख आहे का, चौकशी करायला हवी. जंतू बदकांचे असणार, या दिवसांत वरून जातात.
लॅबच्या मॅरिविक बाईंचा फोन आला. नमुना कोणी घेतला, विचारत होत्या. म्हटलं, मी, जातीने, एकेक दाणा हाताने निवडून. तेच त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावून लिहून घेतलं. भारावल्या असाव्यात.

३ ऑक्टोबर.
निश्चय: या वेळी दुप्पट काळजी.
सकाळी कंबाइनचं उरलेलं काम उरकलं. मग नवी पिशवी. प्रत्येक दाणा दोनदा निवडला. आधी हात धुऊन पँटला पुसले, जंतूंचा प्रश्नच मिटला. डार्का दारातून बघत होती. म्हणाली, ऑरेस्ट, कागदावर काय लिहिलंय ते एकदा वाच. वाचलंय म्हटलं. पहिल्या तीन ओळी खरंच वाचल्या होत्या.

८ ऑक्टोबर.
अठ्ठावन्न.
डार्काने समोर कोबीचे होलुब्त्सी ठेवले आणि मशीनला गिऱ्हाईक शोधायला फोन हातात घेतला.
मॅरिविक बाईंचा पुन्हा फोन. दोन्ही नमुन्यांआधी तुम्ही दुसरं काय काम करत होता? म्हटलं, कंबाइन. मोजे न घालता? अर्थात. मग त्या लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागल्या, की मिस्टर प्रोकोपचुक, तो चीक तुमच्या बोटांना आहे, आणि तुम्ही तो प्रत्येक दाण्याला चोळताय. जितकं जास्त निवडाल तितका आकडा चढेल. तुमचा माल कदाचित चांगलाही असेल, आम्ही अजून तो पाहिलाच नाही. परवापर्यंत नवा नमुना आणा, चौदाला निकाल देते. पण नमुना शंभरही पिशव्यांतून घ्या आणि कोणीही घ्या, फक्त तुम्ही नको.
आगाऊ बाई.
शेडमध्ये जाऊन मशीनवर हात ठेवून उभा राहिलो. मग आठवलं आणि हात उचलला.

९ ऑक्टोबर.
नमुना डार्काने काढला. डोक्याला टोपी, मोजे, उकळून घेतलेला चमचा. शंभर पिशव्या उघडल्या, शंभर बंद केल्या. एक दाणा निवडला नाही. टरफल दिसलं तरी तसंच जाऊ दिलं! मी दाखवायला बोट पुढे केलं तर मनगटावर चमचा बसला. तो चमचा बाजूला टाकून तिने दुसरा उकळला.
कुरिअरवर विश्वास नाही म्हणून डबी घेऊन स्वतः विनिपेगला गेली. मी बरोबर येतो म्हटलं. म्हणाली, गाडीत डबी आहे.

१३ ऑक्टोबर. थँक्सगिव्हिंग, इकडचा सुगीचा सण.
टर्की तशीच ताटात ठेवली. लॉर्न भोपळ्याचा गोड पाई देऊन गेला. जाता जाता मशीन केवढ्याला देणार, तेही विचारलं. पाई चांगला होता. त्याचाच राग आला.

१४ ऑक्टोबर. दुपारी साडेतीन.
पास! नशेचं द्रव्य सापडलंच नाही. जंतू नाहीत.
मी म्हणतच होतो. माल माझाच होता ना? अंगणात जाऊन रडलो, डार्कालाही मिठी मारणार होतो, पण तिने आधी हात बघितले.
बेकरीला मी स्वतः फोन लावला. छोटंसं भाषण तयार होतं: शेती, सचोटी, हाताची पारख. मालक म्हणाले, वा वा, लॅबने कळवलंय सगळं, नमुना ज्यांनी घेतला त्यांना द्या जरा. फोन दिला. पाऊण तास बोलले दोघं.

१५ ऑक्टोबर.
ऑर्डर पक्की. मशीन राहिलं. कागदोपत्री आता सगळं डार्का बघणार, बेकरीलाच तसं हवंय. मी म्हटलं, बरंच झालं, मला मोठे निर्णय घ्यायला वेळ मिळेल.
बेकरीला शेवटचा एक कागद हवा होता: शेडमधल्या धोक्यांची यादी आणि प्रत्येकावर उपाय. डार्काने लिहिली. मी सहज नजर टाकली. दुसरा धोका, लोखंडाचा कण, उपाय, चुंबक. तिसरा, उंदीर, उपाय, पिंजरे. पहिला, ऑरेस्ट, उपाय, दाराला आतून कडी.
वाईट वाटलं. उंदरांच्याही वर! म्हटलं, अगं, निदान नवरा असं तरी लिही. म्हणाली, बेकरीवाले नाव विचारतात.
कडी तिला नीट बसवता येईना, स्क्रू तिरपे जात होते. शेवटी मीच बसवली, चार स्क्रू, एकदम सरळ. लागते का बघायला मला बाहेर उभं केलं.
लागते.