चामड्यातला धूर

४ डिसेंबर, गुरुवार

आजपासून आपण तुमसरकर! राइस मिलमध्ये सुपरवायझरची नोकरी, मिलच्या मागे दोन खोल्यांचं घर, आणि घरात (लिहितानाच हसू येऊन राहिलं) चामड्याचा सोफा. अड्याळला आमच्या घरी पाहुणा आला की खाट टाकायची, वर सतरंजी, झाली बैठक. आता माझी लेक चामड्यावर लोळणार. सव्वा महिना झाला की उर्वशी तिला घेऊन बपेऱ्याहून, माहेराहून येईल, सोबत सासूबाई. लेकीचं नाव अजून ठरलं नाही, सोफा मात्र हजर.

जुनं फर्निचर विकणाऱ्या हिरालालकडून घेतला. तपकिरी, तिघं ऐसपैस बसतील असा, कुठे चीर नाही. फक्त धुराचा वास येतो. हिरालाल म्हणाला, पहिला मालक बिड्या ओढायचा, आठ-पंधरा दिवसांत उडून जाईल. मी म्हटलं, तेवढं कशाला थांबायचं, लेक यायच्या आत काढतो. वासाच्या बाबतीत मी मोठा कटकट्या माणूस आहे, उर्वशीला विचारा.

७ डिसेंबर, रविवार

काल संध्याकाळपासून सोफ्याच्याच मागे. मोबाइलवर पाहून पाहून सगळं केलं. पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळला, फडकं घट्ट पिळून पुसून काढलं, कारण चामड्याला जास्त पाणी चालत नाही. मग वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवला. गाद्यांच्या चेन उघडून आतला फोम उन्हात टाकला. गंमत म्हणजे फोमला कसलाच वास नाही. सगळा वास चामड्यात.

सकाळी सोडा झटकायला गेलो तर तो करडा झालेला, चुलीतल्या राखेसारखा. मी खूश. म्हटलं, बरोबर ओढून राहिला धूर! पुसून झाल्यावर नाक लावलं. वास होता तेवढाच होता. राग आला. आणखी एक पुडा सोडा आणला.

१० डिसेंबर, बुधवार

हा बिडीचा वास नव्हे. बिडीचा वास मला झोपेतही कळेल, आमचे बाबा जन्मभर ओढत. हा शेगडीचा वास आहे, कोळशाचा.

मिलमधला भुपेंद्र जेवणाच्या सुट्टीत घर पाहायला आला. जरा बसतो म्हणाला आणि असा झोपला की गदागदा हलवून उठवावं लागलं. डोकं धरून म्हणत होता, गुंगी येऊन राहिली बे. मी त्याची टर उडवली.

पण एक गोष्ट लिहून ठेवतो. वास जावा म्हणून मी खिडक्या उघड्या टाकून कामाला जातो. परत येतो तर आतून कड्या लागलेल्या. वाऱ्याने असेल म्हणून सोडून दिलं. वाऱ्याने कडी लागत नसते, एवढं मला कळतं.

१४ डिसेंबर, रविवार

लेक आली! एवढीशी जिवणी, डोक्यावर काळंभोर जावळ. घर भरून गेलं.

सासूबाईंनी आत पाऊल टाकताच नाकाला पदर लावला. माझ्या सोड्या-व्हिनेगरला पोट धरून हसल्या. "धुराचा वास धुरानंच जाते, जवाई." लेकीला आंघोळीनंतर ओव्याची धुरी द्यायचीच होती. त्यांनी निखाऱ्यांवर ओवा आणि कडुलिंबाचा पाला टाकला, लेकीला दुपट्यात गुंडाळून सोफ्यावरच निजवलं, आणि दोघांना एकदमच धुरी दिली.

वास गेला. खरंच गेला! कोपऱ्या-कोपऱ्यात नाक घालून पाहिलं. सासूबाईंच्या पाया पडलो.

१६ डिसेंबर, मंगळवार

वास लेकीच्या टाळूला येतो आहे.

बेसन लावून दोनदा धुतलं. उर्वशी म्हणाली, धुरीचा असेल. ओव्याचा नाही गं, कोळशाचा. तिनेही हुंगलं आणि पुन्हा बेसन कालवायला घेतलं. लेक रडत नाही. दुधाला उठत नाही, उठवावं लागतं. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. सगळं ठीक आहे म्हणाले.

१८ डिसेंबर, गुरुवार

हिरालालला दुकानात जाऊन धरला. आधी टाळाटाळ, मग बोलला. पहिल्या मालकाचं घर, थंडीचे दिवस. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, सोफ्यापाशी पेटती शेगडी. नवरा, बायको, तान्हं पोर. सकाळी तिघंही बसल्या जागी गेलेले.

"आग नाही लागली, साहेब. सोफ्याले काहीच झालं नव्हतं. म्हणून इकला."

परत घ्यायला तयार नाही. हात जोडले तरी नाही.

१९ डिसेंबर

मिलचे हमाल बोलावले. सोफा उंबऱ्याबाहेर निघाला आणि आत उर्वशी किंचाळली. लेकीचा श्वास अडकला होता. निळी पडली होती. सोफा परत आत घेतला. लेकीला त्यावर ठेवलं.

श्वास सुरू झाला.

हमाल मजुरी न घेताच निघून गेले.

२० डिसेंबर

तिला घेऊन दवाखान्यात निघालो. फाटकापाशी तेच. धावत मागे आलो. सोफ्यावर ठेवली की श्वास घेते. दुसरीकडे कुठेही नाही. माझ्या छातीवरही नाही.

सासूबाई कपाळ बडवून घेत आहेत. मीच दोघांना एक धुरी दिली, मीच जोडून दिलं, म्हणतात. पण त्यांच्या पाया मीच पडलो होतो.

खिडक्या उचकटून काढल्या. तरी खोली कोंदटच. घसा खवखवतो.

२१ डिसेंबर

उर्वशी सोफ्यावर बसली, लेकीजवळ. ऊठ म्हटलं. "तिले एकटीले नाही झोपू देत मी."

हात धरून ओढलं. रडलो. ऐकत नाही. डोळे मिटत चालले —

२२ डिसेंबर

दुपार. कामावर गेलो नाही.

उर्वशी उठत नाही. श्वास आहे. सासूबाई खाली बसलेल्या, सोफ्याला डोकं टेकून. त्याही —

भुपेंद्रला फोन केला. काय बोललो ते त्याला कळलं की नाही. जीभ जड.

मी दारात उभा. लांब. लिहितो आहे तोवर जागा आहे.

लेक जागी झाली.

रडली! या घरात पहिल्यांदा रडली. हातपाय झाडून रडून राहिली. उर्वशीला ऐकू जात नाही. कोणी घेत नाही तिला.

मला माहीत आहे बसलो की काय —

भुपेंद्र, लवकर ये रे.

हुंदके देते आहे. एवढीशी. बाप आहे मी तिचा.

नुसतं मांडीवर घेतो. गप्प झाली की लगेच उठ —