गुरुवारची खिचडी

कांदिवली (पूर्व)
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. श्रुतिकाची परीक्षा तोंडावर आली आहे आणि ती अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करते. यांचा गुडघा थंडीत दुखतो. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. तिला सांग, थेंब घालायचा कंटाळा करायचा नाही आणि चुलीपाशी इतक्यात जायचं नाही. तू वरण-भात लावतोस असं ती म्हणाली. वरणात मीठ घालायला विसरतोस हेही म्हणाली.

तुला वाटेल, कांदिवलीहून मुलुंडला पत्र कसलं, हिचा फोन बिघडला की काय. फोन चांगला आहे. पण फोनवर तू "बोल गं" म्हणतोस आणि मी "काही नाही, सहज केला" म्हणते. हल्ली कितीदा तरी असं झालं. कागदावर "काही नाही, सहज" एवढंच लिहून पाकीट चिकटवता येत नाही, म्हणून पत्र.

रविवारी आपल्या अन्नघराला वर्ष होईल. मागच्या वर्षी तू भजनी मंडळात उभा राहून म्हणालास, की रोज भाताला तांदूळ घेताना एक मूठ वेगळी काढा, माझ्या बहिणीच्या तिकडे डोंगराखालच्या वस्तीत लहान पोरं अर्धपोटी झोपतात. तू काय बोललास ते मला वहिनीनंच सांगितलं, तू कधी सांगितलं नाहीस. त्या मुठीमुठीच्या तांदळावर आणि मुगाच्या डाळीवर वस्तीतली चाळीसेक मुलं वर्षभर दुपारचं जेवली. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या संध्याकाळी उरलेला पालक, माठ, लाल भोपळ्याची फोड देतात. जया आणि वस्तीतल्या दोघीतिघी रांधतात, मी हिशेब आणि धावपळ बघते. तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही.

एक विनंती करते. रविवारी घरून काहीतरी खाऊन निघ. पंगत बसायला उशीर होईल.

उशीर होणार नाही, दादा. हे मी खोटं लिहिलं. आता खरं लिहिते.

तुझ्या मंडळाची एकच अट होती. तू ती सांगताना गळ्यातली माळ चाचपत होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास. "मानसी, एवढंच सांभाळ. माळकऱ्यांच्या घरचं धान्य आहे. त्यात मासळी-अंडं पडायला नको." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, हे तू मान.

पावसाळ्यात मुलांची वजनं केली, तर काहींची जिथल्या तिथे. दोघातिघांची तर उतरलेली. राधा म्हणून एक अडीच वर्षांची आहे. तिची आई दोन बिल्डिंगांमध्ये धुणीभांडी करते. राधा घास गालात धरून बसायची. तास गेला तरी गाल फुगलेलाच. जया तिला म्हणायची, "बाई, गिळ गं, नाहीतर त्यात अंकुर फुटतील." खिचडीत आम्ही भाजी वाढवली, तूप सोडलं, गूळ-शेंगदाणे दिले. दोन दिवस बरं जायचं, तिसऱ्या दिवशी ताटं परत यायची.

तेव्हा अंजनाबाई आल्या. या मढच्या कोळीण, मालाडच्या बाजारात सुकी मासळी विकतात. त्यांची लेक आपल्या वस्तीत दिलेली, म्हणून येणंजाणं. दारात उभ्या राहून त्यांनी पातेल्यात डोकावलं आणि कमरेवर हात ठेवला. "काय गो बाय, रोज पिवला भात? ही पोरं हायत का देवाचा निवेद?" मी हसले. दुसऱ्या दिवशी त्या भाजून कुटलेला जवळा घेऊन आल्या. एका वाटीतल्या खिचडीवर चिमूटभर टाकला आणि राधापुढे ठेवला. राधानं गालातलं गिळलं, दादा. गिळलं आणि वाटीत बोट घातलं.

तो वास सगळ्या खोलीत पसरला. तुला तो वास माहीत आहे. आई संध्याकाळी तव्यावर जवळा परतायची, आपण दोघं पाट घेऊन आधीच बसायचो.

गणपती झाल्यावर आम्ही सुरू केलं. चोरून नाही. प्रत्येक मुलाच्या आईला विचारलं. ज्यांच्या घरी चालत नाही, त्यांच्यासाठी लहान पातेलं वेगळं, डाव वेगळा, झाकण वेगळं. आपल्या माणसांचे वार असतात, म्हणून सोमवारी, गुरुवारी, शनिवारी सगळ्यांनाच साधी खिचडी. सगळ्यांना विचारलं. विचारलं नाही ते फक्त ज्यांच्या मुठीतून तांदूळ येत होता, त्यांना.

तू धान्य घेऊन नेहमी गुरुवारी यायचास. तुझी सुट्टी गुरुवारची. त्यामुळे लपवायला मला काही करावंच लागलं नाही, वारच माझ्यासाठी लपवत होते. तू यायचास, गोणी उतरवायचास, मुलांच्यात बसून साधी खिचडी खायचास, बोटं चाटत म्हणायचास, "मस्त झालीय गं." आणि मी आणखी एक आठवडा गप्प बसायचे. मुलांचे दंड भरत होते, राधा गोष्टीतल्या राक्षसासारखी "अजून, अजून" करत होती. मी स्वतःला समजवायचे, की वजनं आणखी थोडी वाढू देत, मग दादाला आकडेच दाखवते. आकडे वाढले. मी दाखवले नाहीत.

मग दिवाळीच्या आधी तू एकदा बुधवारी आलास.

मी नव्हते. श्रुतिकाच्या कॉलेजात गेले होते. मला संध्याकाळी जयानं सांगितलं, "ताई, तुमचे दादा आलेले. घामाघूम झालेले, भूक लागलीय म्हणाले, मी वाढलं." मी विचारलं, कुठल्या पातेल्यातलं? "मोठ्या. का हो? मालवणचा माणूस बुधवारी आला तर त्याला काय साधं वाढू?" तिचं काय चुकलं, सांग. तुझी माळ शर्टाच्या आत होती. जया अलीकडची, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दर गुरुवारी तू पंगतीत सगळ्यांबरोबरच जेवलेला तिनं पाहिला होता.

त्याच रात्री तुझा फोन आला. आठवतं? तू म्हणालास, "आज तुमच्याकडे जेवलो. आईच्या हातची चव आली गं." मी "हो का" म्हटलं आणि श्रुतिकाला उगाच हाक मारली, फोन ठेवायला मिळावा म्हणून. जया म्हणते, तू दुसऱ्यांदा मागून घेतलंस.

आई गेली त्या वर्षी तू माळ घातलीस. तू कधी कारण सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पण एवढं मला कळतं, की ती तुझ्यासाठी नुसते तुळशीचे मणी नाही. ती मोडली गेली, माझ्या खोलीत, माझ्या गप्प बसण्यानं. चार महिने हे पोटात घेऊन फिरतेय. तुला सांगावं तर तुझा जीव जाळायचा, न सांगावं तर माझा. मी तुझा वाचवते आहे असं म्हणत राहिले. खरं तर मी तांदूळ वाचवत होते.

आता रविवारचं. परवा जयवंतरावांचा फोन आला. मंडळाचे अध्यक्ष म्हणून ते फार प्रेमानं बोलले. "ताई, आम्ही सगळे येतो. वेगळं काही करायचं नाही हं. मुलांच्या पंगतीत, मुलांच्याच पातेल्यातलं खाणार. भेदभाव नको." आणि रविवार आपल्याकडे मोठ्या पातेल्याचा दिवस.

जयाला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय एवढं? त्या दिवशी जवळाच नको घालूया. गुरुवारसारखी करू. येतील, जेवतील, आशीर्वाद देतील, जातील. सोमवारपासून आपलं चालू." मलाही क्षणभर बरं वाटलं. इतकं सोपं होतं ते.

अंजनाबाई मधेच म्हणाल्या, "म्हंजे पावणं आलं का आमचा जवला खाटेखाली?" आणि आपल्या टोपलीवरचं फडकं नीट करत बसल्या. रागानं नाही बोलल्या. सवय असल्यासारख्या बोलल्या, ते जास्त लागलं. त्यांच्या नातीला शाळेत डबा वर्गाबाहेर बसून खायला लावला होता, वास येतो म्हणून. तेव्हापासून ती पोर डब्यात बिस्किटं नेते.

त्या रात्री मला आपलं नवीन घर आठवलं. चाळ सोडून आपण इथल्या बिल्डिंगमध्ये आलो, आणि आई बांगडे तळताना खिडक्या लावून घ्यायला लागली. एवढ्याशा खोलीत धूर, आईचे डोळे लाल. तू कामावरून आलास आणि सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्यास. "काय चोरी करतोय का आपण?" म्हणालास. त्यानंतर आईनं कधी खिडकी लावली नाही. तू काय खातोस हे आता बदललं. तो खिडक्या उघडणारा तू बदललास असं मला वाटत नाही.

मुलांच्या ताटातून मी एक दिवससुद्धा जवळा काढला, तर त्यांना काय कळेल? की चांगली माणसं आली की आपलं जेवण लपवायचं. राधा तर विचारेलच पंगतीत, मोठ्यानं. तिला गप्प करावं लागेल. जिला खायला शिकवलं, तिलाच गप्प करायचं? माझ्यानं होणार नाही.

म्हणून मी ठरवलं आहे. रविवारी नेहमीसारखी दोन्ही पातेली चढतील. साधं पातेलं मंडळासाठी मोठं करू, नव्या भांड्यात, आणि ते जया नाही, मी स्वतः वाढीन. पण पानं मांडण्याआधी मी उभी राहून सगळ्यांना सांगणार, कुठल्या पातेल्यात काय आहे आणि कधीपासून आहे. तुमची अट मी मोडली, हे सांगणार. त्यानंतर ज्यांना जेवायचं ते जेवतील, ज्यांना उठायचं ते उठतील. मुठी थांबल्या तर थांबल्या. कोठीतलं धान्य फार दिवस पुरणार नाही, मग मी बिल्डिंगा पालथ्या घालीन, दुकानदारांच्या पाया पडीन. ते जमेल की नाही, ठाऊक नाही. फार भीती वाटते, दादा. दुपारी बारा वाजता ती मुलं दाराशी येऊन बसतात, आपापली ताटली मांडीवर घेऊन. त्यांना "आज नाही" कसं म्हणायचं, याचा सराव मी अजून केलेला नाही.

तू बुधवारी काय जेवलास, ते मात्र मी तिथे बोलणार नाही. ते आपल्या घरातलं आहे. ते सांगायलाच हे पत्र. त्याला पाप म्हणत असशील, तर ते माझ्या पानात वाढ. जे प्रायश्चित्त सांगशील ते घेईन.

आता एकच राहिलं, आणि ते लिहावं की नाही याचा विचार करत मी दोनदा चहा केला.

काल वहिनी फोनवर म्हणाली, "ह्यांचं काहीतरी विचित्रच. एवढ्या हौसेनं सगळ्यांना नेतायत आणि स्वतः म्हणतायत, रविवारी माझा उपास आहे." रविवारी कसला उपास, दादा? ना एकादशी, ना संकष्टी. मी कालनिर्णय उघडून बघितलं. आणि दिवाळीनंतर तू धान्य घेऊन गुरुवारीच येतोस, अगदी सुट्टी बदलली तरी. बुधवारी म्हणून पुन्हा आला नाहीस. तांदूळ मात्र एकदाही चुकला नाही. उलट गेल्या महिन्यात एक गोणी जास्त होती.

आईच्या हातचं इतकी वर्षं जेवलेल्या माणसाला जवळ्याचा पहिला घास कळणार नाही, असं होईल का? मी विचारत नाही. तूही सांगू नकोस. कळलं असेल तर ते तुझं आणि आईचं. मला फक्त एवढं वाटतं, की असलंच काही, तर ते ओझं तू एकट्यानं उपास धरून पेलू नयेस. मी चार महिने एकटीनं पेलून पाहिलं. त्यानं कुणाचं भलं होत नाही.

हे पत्र वहिनीला वाचून दाखव, तिचे डोळे दुखतात. आणि जयवंतरावांना रविवारच्या आधी सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू सांगितलंस तरी मी सांगणारच आहे.

रविवारी ये. जेवू नकोस हवं तर. मी सगळ्यांसमोर उभी राहीन, तेव्हा खोलीत तुझं तोंड कुठेतरी दिसलं पाहिजे. रागावलेलं असलं तरी चालेल.

तुझ्या उत्तराची नाही, तुझ्या येण्याची वाट बघणारी,

मानसी