तू जेव, मी पाहून राह्यली

२२ मार्च
कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मी जेवायला बसले, की धाकटी बहीण सरिता माझ्या पाठीशी उभी राहायची. भिंतीवर पाल असेल या भीतीनं मला घास उतरत नसे. "तू जेव बाई, मी पाहून राह्यली," म्हणायची. आज निवृत्त होऊन चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळच्या तिच्या घरी राहायला आले. तिनं गोळाभात केला होता. मी ताटावर बसताच ती आपसूक मागे जाऊन उभी राहिली. दोघी इतक्या हसलो, की शेजारच्या बायनाबाई डोकावून गेल्या.

२६ मार्च
मोहफुलं वेचायला जाताना बाया डोक्यामागे मुखवटा बांधतात. पाहणाऱ्या माणसावर वाघ झेप घेत नाही म्हणे. सरिता म्हणाली, "वाघ डोळ्याले भेते, अन् तू पालीले! तुह्यापरीस वाघच सोपा."
खरंच, मी कुणाचा चेहरा नीट पाहतच नाही. बोलणाऱ्याची नजर माझ्या खांद्यावरून वर गेली का, तिकडे पाल आहे का, एवढंच पाहते.

२९ मार्च
सकाळी चौकटीवर पाल होती. सरिता दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. माझे डोळे पालीवर. नुसती हं हं करत राहिले. ती मोहफुलं वेचायला निघून गेली.
दुपारी बायनाबाई आल्या. वाघानं मागून — डोक्यामागे मुखवटा नव्हता.
तो इथे आहे. माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला. कुणीतरी पाहतंय असं पालीला वाटावं, बाईनं निवांत जेवावं, म्हणून सरितानं टांगला. वाटेत हसत बायनाबाईंना सांगत होती. मलाही तेच सांगत असणार.

३ एप्रिल
तिचा चेहरा कुणी मला पाहू दिला नाही. त्या सकाळचा आठवत नाही. पाल आठवते. शेपटी तुटलेली.
घरात आता एकही पाल नाही.

५ एप्रिल
भेटायला येणारे माझ्याशी बोलतात आणि पाहतात माझ्या खांद्यावरून वर. मुखवटा काढून पेटीत ठेवला. तरी पाहतात. बायनाबाईंनी तिकडे पाहून पदर सावरला. म्हणाल्या, "जेवा बाई. तिले बरं वाटन."

७ एप्रिल
मानेवर श्वास. पाल नव्हे, पाल मला कळते —
वळले तर चेहरा दिसेल. की जे मला पाहू दिलं नाही, ते —

८ एप्रिल
सरिताची टोपली बायनाबाईंना. माझं घड्याळ त्यांच्या नातीला, करिश्माला. पुस्तकं शाळेला. मुखवटा, जंगलात जाईल तिला. घरी विसरू देऊ नका.
ताट वाढलंय. मागून ती तेच म्हणतेय.
वळते. सरे, आता मी पाहून —