ठिकाणाचा रकाना

५ सप्टेंबर, कार्ल्सरूहे
पोचले बाई एकदाची! स्टेशनवर सूनबाई कादंबरी आणि सहा वर्षांची अन्वी आल्या होत्या. नातीला म्हटलं, ओमा नको, आजी म्हण. ती हसून "जा, जा" म्हणाली. म्हटलं, आल्या आल्या हाकलतेस होय गं? जर्मनमध्ये ते "हो, हो" असतं म्हणे! घर उजेडाचं आहे, बागेत सफरचंदं लगडलीत. माझा लेक मयुरेश तेवढा नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर बर्फाखालची खनिजं मोजायला गेलाय. महिनाभराने येईल. तोवर त्याची खोली माझी.

१४ सप्टेंबर
रोज दुपारी चारला लेकाचा फोन येतो. त्या बेटावर म्हणे दोन बलाढ्य देश हक्क सांगतात. मी म्हटलं, मग तिथे राहणाऱ्यांना विचारा की. तो म्हणाला, आई, त्यांना कोण विचारतं? मग लहानपणीसारखा हट्ट, डिंकाचे लाडू करून ठेव म्हणून.

२९ सप्टेंबर
फोन आला नाही. संध्याकाळी मयुरेशच्या कंपनीचे सुधीर प्रधान आले. बेटावरच्या छावणीखालचा बर्फ फुटलाय, मयुरेश पाण्यात गेलाय. शोधायला दोन्ही देशांची जहाजं निघालीत.

३ ऑक्टोबर
जहाजं वाटेतच उभी. एक पुढे सरकलं की दुसरं म्हणतं, ही आमची हद्द, परवानगी मागा. मागितली तर बेट त्यांचं ठरतं. माझं लेकरू पाण्यात आणि यांचं हे चाललंय.

११ ऑक्टोबर
शोध थांबवला. देह नाही.

२० ऑक्टोबर
मृत्यूच्या नोंदीचा अर्ज माझ्या नावे आहे. कादंबरीला तो हातात धरवत नव्हता. मृत्यूचं ठिकाण अडलंय. कुठल्याही एका देशाचं नाव घातलं की दुसरा हरकत घेतो. वकील म्हणतात, रिकामं सोडा. कादंबरीही म्हणाली, अहो आई, राहू द्या तो रकाना. पण नोंद झाल्याशिवाय इथले गुरुजी दिवस करायला तयार नाहीत. आणि माझ्या शाळेत रिकामा रकाना दिसला की सिस्टर अख्खा कागद फाडायच्या. कादंबरी कामावर गेल्यावर मी तिथे या घराचा पत्ता लिहिला, सुवाच्य अक्षरात. पोरगं आपल्या घरी गेलं, असं निदान कागदावर असू दे. लगेच पोस्टात टाकून आले.

२४ ऑक्टोबर
चार वाजता माझ्या खोलीची खिडकी आतून गोठली. गादीवर माणसाएवढी ओल. कादंबरी म्हणते, घर दमट झालंय, खिडक्या उघडत चला.

२६ ऑक्टोबर
आज धाप ऐकू आली. गोवर झाला होता तेव्हाची त्याची धाप मी ओळखते. तो मरतोय. इथे. मीच तसं लिहिलं.

२८ ऑक्टोबर
रोज चारला. रोज पहिल्यापासून. हात धरते, मुठीत नुसतं पाणी उरतं. कादंबरीनेही आज ऐकलं. भिंतीला टेकून बसून राहिली.

३० ऑक्टोबर
खोलीत जमिनीवर बर्फ. त्यात हद्दीच्या दोन खुंट्या — एकीला लाल फीत, एकीला निळी. ठोकणारं कुणी दिसत नाही. ठोके ऐकू येतात. पुढच्या दोन अन्वीच्या खोलीच्या उंबऱ्यात —

३१ ऑक्टोबर
अन्वीला बाहेर नेता येत नाही. तिचं दार गोठून बसलंय. आतून खोकतेय.
कादंबरीने अर्ज मागे घ्यायचा कागद समोर ठेवला. अहो आई, सही करा, माझी मुलगी —
सही केली की तो इथला नाही. तिथलाही नाही. कुठलाच नाही. कायमचा त्या पाण्यात —
पोर खोकायची थांबली.
करते. कुंदा लिहून झालं. आडनाव राहिलंय. तो उठून बसलाय. माझ्याकडे बघतोय. म्हणतोय, आई, निदान तू तरी हाकलू नकोस —